दोन कार्डांचं दार

डब्लिनमध्ये नदीकाठच्या एका सरकारी इमारतीच्या तळघरात एक दार होतं. ते एकट्या माणसाला उघडत नसे. खुद्द मंत्री आले असते तरी ढिम्म हललं नसतं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन यंत्रं, मधे अडीच मीटरचं अंतर. दोन माणसांनी आपापली कार्डं पाच सेकंदांच्या आत टेकवली, की मग ते कुरकुरत सरकायचं. माणसांनी दोन मीटर लांब उभं राहावं हे जगाला २०२० साली कळलं. त्या दाराला पंधरा वर्षं आधीपासून ठाऊक होतं.

हे केतकीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. ऑगस्टचा पहिला शुक्रवार, कंत्राटी नोकरीचा पहिला आठवडा. ॲडम्सटाउनहून येताना पाऊस पडतोय की नुसती हवाच ओली आहे हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. ती भिजली होती एवढं खरं. वीस मिनिटं ती त्या दारासमोर उभी. कार्ड सरळ टेकवून झालं, उलटं झालं, ओढणीला पुसून झालं.

"उघड ना रे बाबा," शेवटी ती दारालाच म्हणाली.

"तो नाही ऐकायचा," मागून कोणीतरी चक्क मराठीत म्हणालं. "त्याला दोघं लागतात."

ती वळली. ठिबकणारा रेनकोट, निळा मास्क, आणि मास्कच्या वर दोन डोळे... मालकाची परवानगी न घेताच हसत असलेले. त्यांचा मालक शैलेंद्र, मूळचा पुण्याचा. इमारतीचं नेटवर्क सांभाळायचा आणि डून लेरीला समुद्राजवळ एकटा राहायचा.

"मी मोजतो," तो समोरच्या भिंतीपाशी जात म्हणाला. "एक… दोन… आणि—"

"आणि काय?" केतकीनं विचारलं. तेवढ्यात पाच सेकंद संपले.

"तुम्ही नागपूरच्या का?"

"कशावरून?"

"दार उघडायचं सोडून गप्पा मारताय म्हणून."

दुसऱ्या खेपेला दार उघडलं. आत काम होतं पाच मिनिटांचं. खात्याच्या सगळ्या कागदपत्रांची नक्कल ज्या टेपवर उतरे, ती दर शुक्रवारी काढायची, दुसरी घालायची, काढलेली लोखंडी पेटीत ठेवायची. बाकी आठवडा सगळे घरूनच काम करत. म्हणजे शुक्रवारी त्या सात मजली इमारतीत ही दोघं आणि कुलूप उघडायला येणारा म्हातारा शेमस, एवढीच जिती माणसं असत.

पाच मिनिटांचं काम पुढच्या शुक्रवारी वीस मिनिटांवर गेलं आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाऊण तासावर. टेप जड झाली होती असं काही नाही.

केतकीनं एकदा कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा जिन्याजवळच्या खिडकीत ठेवला आणि दोन मीटर मागे सरकली. तो म्हणाला, घरी नेऊन खाईन. पुढच्या आठवड्यात डबा परत आला तो भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे पुण्यातही पाळतात म्हणायचं. समुद्राकडच्या वाटेवर झुडपांतून वेचलेल्या ब्लॅकबेरी होत्या. त्यानंतरच्या वेळी करपलेल्या शंकरपाळ्या. "तळताना तुमचा विचार करत होतो," असं तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे… टेपचा."

त्याला खाताना मात्र तिनं कधी पाहिलं नाही. मास्कखालचा चेहराच पाहिला नव्हता. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्याचा कॅमेरा बंद असायचा. म्हणायचा, लाईन वाचवतो. मग केतकीनं त्याला आपल्या मनानं तीन चेहरे देऊन पाहिले. एक मिशीवाला, एक टोकदार हनुवटीचा, आणि तिसरा रविवारी संध्याकाळी उगीचच आठवायचा, त्याचं वर्णन तिनं स्वतःलाही केलं नव्हतं.

नागपूरहून आईचा फोन यायचा. "काय करून राहिली?"

"काम."

"एवढं हसून काम करून राहिली?"

सप्टेंबरमध्ये खात्याच्या वरिष्ठ बाई ग्रॉन्या यांनी केतकीला एक जबाबदारी दिली. सगळं पुन्हा बंद होणार हे दिसत होतं, कधी ते वरच्यांनाही माहीत नव्हतं; पण ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी आपला आराखडा तयार हवा. कोणतं काम, ते कसं चालू राहील, आणि त्यासाठी किती माणसांनी प्रत्यक्ष यायला हवं. शेवटच्या रकान्यातले आकडे जितके लहान तितकं बरं, त्या म्हणाल्या, कारण प्रत्येक आकडा म्हणजे घराबाहेर पडलेलं एक माणूस.

एक्केचाळीस ओळींचा तक्ता झाला. टपाल, शिक्के, आगीची घंटा... केतकी एकेका ओळीशी झुंजली आणि चाळीस ओळींत शून्य लिहूनच थांबली. उरली एक. शुक्रवार, टेप, माणसं दोन.

त्या ओळीचा तोडगाही तिला सापडला होता. टेपऐवजी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीतल्या यंत्रावर रोज आपोआप नक्कल पाठवायची. आठ दिवसांचं काम, आणि तिच्याच हातचं. पण ते झालं की दाराला दोघं लागणार नव्हती, कारण कोणीच लागणार नव्हतं. ॲडम्सटाउन एका टोकाला, डून लेरी दुसऱ्या. नोकरीचं पत्र हातात नसेल तर बंदच्या काळात एवढं अंतर कोण कापू देणार?

तिनं त्या ओळीपुढे लिहिलं, 'पर्याय तपासत आहोत'. या तीन शब्दांवर डोकं ठेवून सरकारी कचेऱ्यांत राज्यंच्या राज्यं झोपलेली असतात. केतकीचा एक शुक्रवार त्यात सहज मावला. मग दुसरा. मग तिसरा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी शेमस जिना उतरता उतरता मधेच पायरीवर बसला. छातीतून किटलीसारखी शीळ येत होती. चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन बस बदलून यायचा. केतकीनं पाणी दिलं. डॉक्टरांनी त्याला घरी बसायला सांगितलंय, हे तिला तेव्हा कळलं. सगळं बंद झाल्यावर तरी तुम्ही येणार नाही ना, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला की तुझ्या कागदावर दोघं आहेत ना, मग त्यांना कुलूप उघडून द्यायला तिसरा लागेलच. ग्रँड आहे मी, एकदम ठीक, काळजी करू नकोस.

तिसरा. तिच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

त्या दिवशी परतीच्या ट्रेनमध्येच तिनं लॅपटॉप उघडला आणि दोनाचं शून्य केलं. बोट बटणावर जरा रेंगाळलं, नाही असं नाही. पुढचे आठ दिवस ती मान खाली घालून काम करत राहिली. यंत्रणा उभी राहिली, तपासून झाली, चालली.

सोळा ऑक्टोबरला टेप बदलून झाल्यावर ती म्हणाली, "ही शेवटची. आता कोणी यायला नको. नक्कल आपोआप जाईल."

शैलेंद्र टेपची पेटी बंद करत होता. बराच वेळ करत राहिला.

"नवल म्हणजे," ती उगीच बोलत सुटली, "दुसऱ्या इमारतीपर्यंत लाईन टाकावी लागेल वाटलं होतं. पण ती आधीच होती."

"ऑगस्टपासून आहे. मीच टाकून घेतली."

"ऑगस्ट? मग बोलला का नाहीत?"

"तू सप्टेंबरमध्ये तिच्यावरून एक चाचणी पाठवली होतीस," तो हळूच म्हणाला. "मला दिसली. मग तू तरी का नाही बोललीस?"

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्याही शुक्रवारी ती त्या एका शब्दावर आठवडाभर तरंगली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर पायरीवर बसलेला म्हातारा होता.

"अकरा शुक्रवार," ती म्हणाली. "आधी तुम्हाला माहीत होतं, मग मलाही… आणि तो माणूस अकरा शुक्रवार आपल्यासाठी जिना उतरला."

दार बंद झालं. तो खिडकीतला डबा उचलून निघून गेला, आणि ती त्याच्याकडे न पाहता निघाली... म्हणजे एकदाच पाहिलं, काचेतून.

सोमवारी संध्याकाळी घोषणा झाली. बुधवारी मध्यरात्रीपासून सगळं बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. केतकीचा आराखडा त्याआधीच, सकाळी नऊला, लागू झाला होता. ग्रॉन्यांनी कळवलं, इतका नेटका कागद त्यांनी तीस वर्षांत पाहिला नाही. केतकीनं तो निरोप वाचला आणि चहा गार होऊ दिला.

मंगळवारी दुपारी चारला फोन वाजला.

"तुझा डबा माझ्याकडे राहिलाय," शैलेंद्र म्हणाला.

"असू दे."

"असू कसं दे? रिकामा देता येत नाही. आणि भरला तर पाच किलोमीटरपुढे नेता येत नाही. मोजलं मी, चोवीस होतात."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेमसला फोन केला होता," तो म्हणाला. "सगळं खरं सांगून टाकलं. माफी मागितली."

"काय म्हणाले?"

"खोकला येईस्तोवर हसला. म्हणे, पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायला लागला तेव्हाच कळलं होतं. आणि म्हणे, आता घरी बसून बायकोची बोलणी खातोय, त्याची भरपाई काय तुझा बाप देणार?"

केतकी हसली. हसल्यावर कळलं की चार दिवसांत हसली नव्हती.

"नवे नियम वाचलेस?" त्यानं विचारलं. "एकट्या राहणाऱ्यांबद्दलचे?"

वाचले होते. तीनदा. एकट्यानं राहणाऱ्या माणसाला दुसरं एक घर निवडता येतं. सपोर्ट बबल म्हणतात त्याला. त्या घराकडे जायला अंतराची अट नाही.

"एकच घर," तो म्हणाला. "आणि आज हे, उद्या ते, असं चालत नाही."

"वाचलंय."

"म्हणून… विचार करून सांग. घाई नाही. म्हणजे उद्या मध्यरात्रीपर्यंत आहे."

"फॉर्म कुठे भरायचा?"

"फॉर्म नाही. कुठे नोंद नाही, कोणी तपासत नाही. दोघांनी ठरवायचं आणि दोघांनी पाळायचं."

केतकी खिडकीबाहेर पाहत राहिली. एक्केचाळीस ओळींत तिनं प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट ठेवली होती, दुसरीला तिसरी. या गोष्टीला ओळच नव्हती.

"आणि काही चुकलं तर?"

"तर समोरच्याला सांगायचं. त्याच दिवशी. अकरा शुक्रवार थांबायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, "तुला डून लेरी स्टेशनवर यायला जमेल का, शनिवारी?"

'तुला' शब्द तिच्या तोंडून असा निसटला, की दोघंही त्याच्या वाटेतून बाजूला झाली.

शनिवारी ती एक ट्रेन, एक ट्राम आणि समुद्रालगतची डार्ट लोकल असं करत निघाली. मधे एका स्टेशनवर पोलिसानं हटकलं, कुठे, कशाला, किती लांब? माझ्या बबलकडे, चोवीस किलोमीटर, तिनं सांगितलं. पोलिसानं तिच्या गालांकडे पाहिलं, मास्कच्या वर जेवढे दिसत होते तेवढे लाल होते. "ग्रँड," म्हणाला आणि वाट सोडली.

डून लेरीला वारा असा होता, की सीगल उलटे उडत होते. रिकाम्या फलाटावर तो उभा होता, ठिबकणाऱ्या त्याच रेनकोटात. ती अडीच मीटरवर थांबली. सवयच लागली होती.

"मोज," ती म्हणाली.

त्यानं मास्कच्या नाडीला हात घातला. तिनंही घातला.

"एक… दोन… आणि—"

या वेळी तिनं 'आणि काय' विचारलं नाही.

मिशी नव्हती. हनुवटी टोकदार नव्हती. तिन्ही चेहऱ्यांपैकी एकही नव्हता, आणि तरी डोळ्यांखाली तो असा शोभून दिसत होता, जसा काही तिथेच राहायला आलेला.

"काय बघतेस?"

"काही नाही. ओळख करून घेतेय." ती पाहतच राहिली. मग त्याच्या रिकाम्या हातांकडे लक्ष गेलं. "डबा कुठे आहे?"

"घरी," शैलेंद्र म्हणाला, आणि उरलेले अडीच मीटर चालत आला. "तो आता परत द्यायचा नाही."