आक्कांचा अर्धा फोटो

"ए पोरी, माझा एक फोटो काढशील का गो?"

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या म्हातारीनं हाक मारली, तशी संघरत्ना दचकली. कॉलेज संपल्यावर कपाटात गेलेला बाबांचा साधासा रोलचा कॅमेरा तिनं त्याच आठवड्यात बाहेर काढला होता. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढताना तिचा हात कधी कापत नसे. कॅमेरा मात्र… तिनं दोनदा डोळ्याला लावून खाली घेतला.

"आक्का, त्यांना कशाला त्रास?" शेजारचा तरुण म्हणाला. "मी मोबाइलवर काढतो ना."

"मोबाइलातला फोटो भिंतीवर लागत न्हाय."

तो हसला. पाण्याची वाफ, म्हातारीमागून दिसणारे त्याचे ओले केस, आणि ते हसू – संघरत्नानं बटण दाबलं.

"दाखवा ना."

"दिसत नाही. रोल धुतल्यावरच कळेल."

"म्हणजे नंबर द्यावा लागणार."

"फोटोसाठी," ती घाईनं म्हणाली.

"मी कुठं दुसरं काय म्हटलं?"

तो शेलार गावचा कुणाल. आई गेल्यावर आक्कानं, म्हणजे त्याच्या आत्यानं, त्याला लहानाचा मोठा केला होता. 'रोल संपला का?' असा त्याचा रोज मेसेज येऊ लागला, आणि मग रोल संपवायला तोच रविवारी सोबत यायला लागला. निजामपुऱ्याच्या गल्लीत कापडाच्या यंत्रमागांच्या खडखडाटात एकमेकांच्या कानाशी वाकून बोलावं लागे. खाडीवर ती एकाच बगळ्यासाठी तासभर थांबे. तो कंटाळत नसे. किती दिवसांनी ती अशी नुसती बघत उभी राहत होती! सुख होतं ते. आणि घरी परतताना त्याच सुखाची भीती वाटायची. आक्कानं तिचं नाव अजून विचारलं नव्हतं. नाव ऐकल्यावर आडनाव विचारायची गरज लोकांना उरत नाही, हे संघरत्नाला लहानपणापासून ठाऊक होतं.

रोल धुवायला मुंबईला गेला, आणि इकडे आक्काच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

"ती फोटो मागतेय," फोनवर कुणालचा आवाज नीट फुटत नव्हता. "म्हणते, ऑपरेशनच्या आधी बघायचाय."

फोटोंचं पाकीट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलं. स्टुडिओच्या काउंटरवरच तिनं ते उघडलं. बगळा छान आला होता. पण कुंडाचा फोटो तिनं पुन्हा दिव्याखाली धरून पाहिला. मधोमध कुणाल हसत होता. कडेला आक्काचा एक खांदा आणि अर्धा कान.

तशीच ती ठाण्याला हॉस्पिटलात गेली. कुणाल वॉर्डबाहेर उभा होता.

"फोटो चुकला," ती म्हणाली.

"कसा काय?"

"मी… आक्कांकडे बघतच नव्हते."

त्यानं फोटो पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं. तिचा हात धरला आणि तिला सरळ आत नेलं.

आक्कानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "ह्यात मी कुठं हाय?"

"चुकले मी, आक्का."

"नाव काय गो तुझं?"

"संघरत्ना."

आक्कानं फोटो उलटा करून चादरीवर ठेवला.

"आक्का," कुणाल म्हणाला, "मला हिच्याशीच लग्न करायचंय. तू बरी होऊन ये, मग काय भांडायचं ते भांड."

आक्कानं दोघांच्या धरलेल्या हातांकडे पाहिलं. "भांडायला तर यायलाच पायजे मला." मग संघरत्नाकडे वळून म्हणाली, "तवर ह्याला जेवायला घाल. सकालपासून उपाशी हाय."

आक्का त्याला रागावली की तिनं आपल्याला होकार दिला, हे संघरत्नाला कळेना. खालच्या कँटीनमध्ये दोघांनी एका ताटात डाळभात घेतला. दोघांनाही तो संपवता आला नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स आयसीयूचं दार लोटून बाहेर आली. ती हसत होती.

"पेशंट शुद्धीवर आल्यात. विचारतायत, भांडायची मंडळी कुठं गेली?"