राऊटर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये

एक खोली डोळ्यांसमोर आण बघू. डोळे मात्र मिटू नकोस, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

लांबट खोली. एका टोकाला खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलासमोर दोघं बसतील एवढं लाकडी बाकडं. दुसऱ्या टोकाला दार, आणि दारावरच्या फळीवर वायफायचा राऊटर.

मध्ये काही नाही. नुसती मोकळी फरशी.

ती मोकळी फरशी नीट लक्षात ठेव.

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली. आणि घडली कधी, तर रविवारी दुपारी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. असलं काही अंधारातच होतं, असं तोवर मलाही वाटायचं.

घरात आम्ही दोघीच होतो. मी आणि माझी नात. एका जागी पाय ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिची आई, म्हणजे माझी लेक, मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. जहाज बंदरात असलं की मायलेकी व्हिडिओवर बोलतात. एकदा ते समुद्रात शिरलं की पुढचं बंदर येईपर्यंत नुसते दोन ओळींचे निरोप.

त्या संध्याकाळी जहाज निघणार होतं. निघण्याआधी आईचा फोन यायचा होता.

माझ्या जुन्या मोबाईलवर व्हिडिओ चालत नाही. म्हणून सुट्टीत आम्ही दोघींनी सुटे भाग आणून, एकेक स्क्रू पिळून, कॉम्प्युटर जोडला होता. आईला मोठ्या पडद्यावर बघायचं, हा भिंगरीचा हट्ट.

कॉम्प्युटर झकास सुरू झाला. वायफाय मात्र गोगलगाय! मदरबोर्डमध्येच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरच, बसवून आलेलं, नवंकोरं वायफाय, आणि साधं एक चित्र उघडायला जीव खात होतं.

"आजी, दुकानवाल्या काकांनी जुना माल गळ्यात मारला," भिंगरीने निकाल दिला.

शंका मलाही आली. मी दुकानात फोन लावला.

"मावशी, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे दोन अँटेना लावल्यात ना?" दुकानदाराने विचारलं.

"कसल्या अँटेना?"

"खोक्यात होत्या की! काळ्या, बोटाएवढ्या. त्या न लावता वायफाय चालवायचं म्हणजे कानात बोळे घालून गप्पा मारायच्या."

मी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने तिच्या लोकरीच्या अस्वलाकडे पाहिलं.

अस्वलाला दोन काळी शिंगं फुटलेली होती.

"मला वाटलं, ती फुकट दिलीत," ती पुटपुटली.

शिंगं काढली. कॅबिनेटच्या मागे पिळून घट्ट बसवली. पडद्यावरच्या वायफायच्या रेघा भराभर वर गेल्या. भिंगरीने बाकड्यावर चढून नाच केला.

आणि मग...

रेघा एकेक करून खाली उतरल्या.

"शेजारचा दादा आपलं वायफाय चोरतोय," भिंगरी म्हणाली. "बघ ना, कसा गालात हसतो तो नेहमी!"

"हसण्यावरून चोर ठरवायचा झाला तर तुला आधी पकडायला हवं."

तरी मी पासवर्ड बदलला. वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नवा घातला. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. फरक शून्य. शेजारचा दादा तर कुलूप लावून गावाला गेला होता.

मग वायफाय खात कोण होतं?

शाळेत शिकवायचे तेव्हा मी वर्गात मुलांना एक गोष्ट नेहमी सांगायचे. बिघाड शोधताना दहा ठिकाणी हात घालायचा नाही. एका वेळी एकच पाहायचं.

"कॉम्प्युटर राहू दे," मी म्हणाले. "माझा मोबाईल घे. राऊटरखालून टेबलापर्यंत सरळ चालत ये, आणि त्याच्यावरच्या रेघा बघ."

भिंगरी निघाली. "पूर्ण... पूर्ण... पूर्ण..."

खोलीच्या मध्यावर ती थबकली.

"गेल्या! इथून पुढे नाहीतच." ती एक पाऊल बाजूला सरकली. "आता पूर्ण." पुन्हा आत आली. "आता नाहीत. आजी, इथे सावली पडल्यासारखं आहे."

मला केवढा आनंद झाला! पोरीने बरोबर शब्द पकडला होता.

"अगदी सावलीच. दिवा आणि भिंत यांच्या मध्ये कुणी उभं राहिलं की भिंतीवर सावली पडते ना? तसंच हे. माणसाच्या अंगात पाणी फार. ते वायफायच्या लहरी शोषून घेतं. राऊटरसमोर माणूस उभा राहिला, की त्याच्या पाठीमागे..."

मी बोलता बोलता थांबले.

भिंगरीने मोकळ्या फरशीकडे पाहिलं. "पण मध्ये कोण उभंय?"

खडूचा तुकडा आणला. सावली जिथून सुरू होते तिथे भिंगरीने तिच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ मारली. ती लांबीला... माणसाच्या खांद्यांएवढी भरली.

आता मला तिचाच संशय आला. "भिंगरे, आजीची फिरकी घेतेस?"

"आईशप्पथ नाही!"

मी मोबाईल हातात घेतला आणि स्वतः चालत आले. दारापासून खडूपर्यंत रेघा पूर्ण. मला हायसं वाटलं. खडू ओलांडला, तरी पूर्ण. म्हटलं, झालं, लबाडी पकडली.

एक पाऊल पुढे टाकलं...

आणि रेघा गेल्या.

सावली होतीच. फक्त टेबलाच्या दिशेने सरकली होती.

दुसरी रेघ मारली. पुन्हा मोजलं. आणखी सरकली होती.

आता दुसरं काहीतरी जाणवायला लागलं. नव्या कॅबिनेटच्या पंख्याचा बारीक घुंघुं आवाज दुपारभर खोलीत भरून होता. मी त्या जागेच्या मागे, दाराच्या बाजूला उभी राहिले, आणि तो आवाज... दबला. बंद झाला नाही. दोन माणसांच्या मध्ये तिसरं येऊन उभं राहिलं की बोलणं कसं दबतं, तसा.

आम्ही टेबल आणि बाकडं ओढून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. रेघा भरल्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. हसू संपायच्या आत रेघा उतरायला लागल्या.

म्हणजे त्याला भिंतीशी, खिडकीशी देणंघेणं नव्हतं. ते कॉम्प्युटरच्या मागे लागलं होतं.

"चल, बाहेर जाऊ," मी भिंगरीचा हात धरला.

तेवढ्यात पडद्यावर आईचा फोन वाजला.

भिंगरीने हात सोडवून घेतला आणि बाकड्यावर झेप घेतली. पडद्यावर चौकोन चौकोन. त्यात कुठेतरी माझ्या लेकीची हनुवटी.

"भिं... ऐकू ये... आम्ही लवक... निघ..."

"आई! आई, मी इथे आहे!"

चेहरा गोठला. आवाज तुटला. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी दारात, मोबाईल हातात धरून उभी. माझ्या मोबाईलवर रेघा पूर्ण. तिच्याकडे एकही नाही.

मग भिंगरी वळली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तिच्या अगदी पाठीमागच्या, हातभर अंतरावरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. नाक पुसलं. आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"जरा बाजूला होता का? माझ्या आईचा फोन आहे."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

पडदा स्वच्छ झाला. माझी लेक हसत होती. तिच्या मागे गोल खिडकी आणि निळं पाणी.

"अगं, आहेस कुठे? किती हाका मारल्या!"

दोघी बोलत सुटल्या. अस्वलाची शिंगं, दुकानवाले काका, नवा पासवर्ड. मी दारातून ऐकत होते. डोळे भरून आले होते, म्हणून जरा उशिराच माझं लक्ष गेलं. पंख्याचा आवाज मला आता... एकाच कानाने ऐकू येत होता.

मी मोबाईलकडे पाहिलं.

माझ्या रेघा गेल्या होत्या.

मी हलले नाही. श्वासही बेताने घेतला. अजूनही त्या दारातून जाताना मी तशीच जाते. का, ते मला सांगता येणार नाही.

आईशी बोलता बोलता भिंगरीने मान वळवली. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. तिला कळलं. ती घाबरली नाही. बाकड्याच्या एका टोकाला सरकली, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हाताने थोपटलं. ये, बस.

मला वाटलं, ती मला बोलावतेय. मी पाऊल उचलणार...

त्याआधीच माझ्या मोबाईलवरच्या सगळ्या रेघा भरल्या.

भिंगरी "हो गं आई" म्हणाली, आणि अंग चोरून आणखी थोडी सरकली.