सुतारदादांचा गोठा

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसलेच असते. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि माझी मावशी म्हणजे भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की "रिकामटेकडे कुठले" म्हणत उठून जाणारी बाई. तिच्या तोंडून ऐकलं तसं सांगते. पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मावशीच्याच शेतावरची. दिवेलागणीची वेळ.

मावशी आणि काका दुधाचा धंदा करतात. वैरण आणि शेण काकांकडे, धारा मावशीच्या. कुंपणापलीकडे सुतारदादांचं शेत आणि त्यांचा गोठा. सुतारकाम सोडून त्यांना जमाना झाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको गेल्यापासून माणूस एकटा पडला होता. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. तेव्हा मावशीने आपली एक कालवड नेऊन त्यांच्या दारात बांधली. तांबू. जन्मतःच आई मेलेली, मावशीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली.

"सुतारदादा, माणसांशी नाही तर निदान हिच्याशी तरी बोला," असं म्हणून आली होती.

दादांकडे आधीच्या चार गाई होत्या. तांबू पाचवी. ती तिथे गेली तरी मावशीचा जीव तिच्यातच अडकलेला.

तर त्या संध्याकाळी मावशी धारेला बसली आणि पलीकडून गाई हंबरायला लागल्या.

साधं हंबरणं नव्हे. घसा फाटेस्तोवर. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू.

"यांना पाणी मिळालेलं नाही," मावशी म्हणाली.

"तू एक शाळाच काढ," काका म्हणाले. "गाईंची भाषा शिकवायची. मी पहिल्या बाकावर बसतो."

"चेष्टा नको हो. तांबूचा आवाज आहे त्यात."

ती उठणार, एवढ्यात...

पलीकडे बादलीची कडी वाजली.

मग हौदात पाणी ओतल्याचा आवाज. मग गाई पाणी ओढतात तसा, सुर्र... सुर्र...

हंबरणं बंद झालं.

"झालं समाधान?" काका म्हणाले. "बस आता धारेला."

मावशी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी आली. गाडीवाला म्हणाला, "तुमच्या शेजाऱ्यांचा कॅन आजही रस्त्यावर नाही. दूध दुसरीकडे घालायला लागले की काय?"

मावशीला ते पटेना. दादा रागीट असतील, विक्षिप्त असतील, पण कॅन चुकवणारा माणूस नव्हे. मधल्या काळात त्यांच्या गाई खंगलेल्या दिसायच्या. एकदा मावशीने तसं बोलूनही दाखवलं होतं. तर दादा कडाडले, "गोठा माझा, जनावरं माझी. तुम्ही तुमचं बघा." तेव्हापासून तिने त्यांच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं.

संध्याकाळ झाली. पुन्हा तेच. पाचही गाई जिवाच्या आकांताने हंबरल्या, आणि मग... बादलीची कडी. पाणी. शांतता.

मग धारेचा आवाज. चर्र... चर्र...

मावशी कुंपणापाशी गेली. गोठ्यात दिवा नव्हता.

"अंधारात कसली धार काढतोय हा?" काकांनी विचारलं.

"हाताला सवय असते," मावशी म्हणाली. पण तिला ते बरं वाटलं नाही. तिने हाक मारली, "सुतारदादा! सगळं ठीक आहे ना?"

धारेचा आवाज थांबला.

आणि आतून...

"हं."

एवढंच. मग पुन्हा चर्र... चर्र...

आता तुम्ही म्हणाल, मग आत जाऊन बघायला काय झालं होतं? मीही हेच म्हणाले होते तिला. तर दूधवाल्यांमध्ये एक रीत असते. धारेच्या वेळी परक्याच्या गोठ्यात जायचं नाही. नवा माणूस दिसला की गाय बिचकते, पान्हा चोरते, आणि मालकाचं अख्ख्या वेळचं दूध जातं. मावशीने जन्मभर ही रीत पाळली. त्या दिवशीही पाळली.

पण तिला स्वस्थ बसवेना. तिने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाली, "शेजारी गाईंची आबाळ होतेय असा संशय आहे. मी गेले तर भांडण होईल. तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही बघा."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, पण यायला संध्याकाळच झाली. मावशी त्यांना घेऊन कुंपणापाशी उभी राहिली. गाई हंबरत होत्या, पण आता आवाज बसल्यासारखे झाले होते. तांबूचा तर जेमतेम कळत होता.

मग बादली वाजली. पाणी पडलं. गाई प्यायल्या. मग संथ लयीत धार, चर्र... चर्र... डॉक्टरांनी कान देऊन ऐकलं.

"अहो ताई," ते हसले, "माणूस पाणी पाजतोय, धार काढतोय. मी काय कारवाई करू? धार हळू काढतो म्हणून?"

"एकदा आत बघून या ना."

"धारेच्या वेळी?" डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच सांगा, तुमच्या गोठ्यात असं कुणी घुसलं तर चालेल?"

डॉक्टर गाडीवर बसून निघून गेले.

नंतर हंबरणं रोज कमी होत गेलं.

आणि इथेच मावशीची चूक झाली. गाई गप्प आहेत म्हणजे पोट भरलंय, असं तिच्या कानांनी तिला सांगितलं. तिने ते मानलं. "मीच उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर," असं काकांना म्हणालीसुद्धा. त्या रात्री तिला छान झोप लागली. हे सांगताना ती स्वतःच्या कानांवर दोन्ही हातांनी मारून घेत होती.

मग वाऱ्याची दिशा बदलली.

भरदुपारी मावशी कपडे वाळत घालत होती. पलीकडून वास आला. तो वास ओळखायला डॉक्टर लागत नाही. ओली चादर तशीच टाकून ती फाटक ढकलून धावत सुटली. काका मागे.

गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं.

चार गाई साखळीला बांधलेल्या जागीच पडल्या होत्या. माना हौदाच्या दिशेने ताणलेल्या. हौद कोरडा. नुसता कोरडा नाही, तळाला मातीच्या पापुद्र्यांना भेगा पडलेल्या. किती दिवसांत थेंब पडला नसेल त्यात.

वैरणीच्या ढिगापाशी सुतारदादा पडले होते. हाताशी बादली. बादलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं, या काठापासून त्या काठापर्यंत, कुठेही न तुटलेलं.

काकांनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. दादांना बघून त्यांचा चेहरा उतरला. मावशीला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "छातीत कळ आली असणार. पण ताई... आपण दोघं कुंपणापाशी उभे होतो ना? तेव्हा हा माणूस जिवंत नव्हता. त्याच्या बऱ्याच आधी गेलाय."

"मग माझ्या हाकेला ‘हं’ कोण म्हणालं?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी बॅग उचलली आणि गाडीकडे गेले. त्या दिवसानंतर ते त्या बाजूला फिरकले नाहीत. आता दुसरेच डॉक्टर येतात.

एक गाय मात्र उभी होती.

तांबू. चार काड्यांवर कातडं टाकल्यासारखी. मावशीने तिच्या गळ्यात हात टाकला आणि ओक्साबोक्शी रडली. "तुला तरी वाचवते गं," असं म्हणत तिला घरी आणलं. सगळ्यांनी मिळून जवळजवळ उचलूनच आणलं म्हणा ना.

गोठ्यात आणून पुढ्यात स्वच्छ पाण्याचं घमेलं ठेवलं. तांबूने हुंगलंसुद्धा नाही. ओठ ओले केले, तर मान फिरवली. नळीने पाजलं, तेवढं बाहेर टाकलं.

संध्याकाळ झाली. मावशी तिच्या शेजारी बसून होती. एवढ्यात...

बादलीची कडी वाजली.

मावशीच्याच गोठ्यात. अगदी हाताच्या अंतरावर.

तांबूने कान टवकारले. धडपडत भिंतीकडे वळली. तिथे काही नव्हतं. नुसती जमीन. तिने तिथे मान खाली घातली आणि... प्यायला लागली.

सुर्र... सुर्र...

घोट गळ्यातून उतरताना दिसत होते. एक. मग दुसरा. तोंड कोरडं ठणठणीत. प्यायल्यावर तिने जिभेने नाक पुसलं आणि पोट भरलेली गाय बसते तशी निवांत बसली. रवंथ करायला लागली. तोंडात काहीही नसताना.

"बघितलंत?" मावशीने काकांना विचारलं.

"सुताराच्या मते तो गाईंना पाजतोय," काका म्हणाले. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच चेष्टा न करता बोलले असतील. "आणि त्यांना वाटतंय त्या प्यायल्या."

तांबू दोन दिवसांनी गेली. सलाइनची सुई मानेत असताना गेली.

मावशीने गोठा धुवून काढला, चुना मारला. जे जे कुणी सांगितलं ते ते केलं, तिच्या स्वभावात नसताना. आठवडाभर शांतता होती. मग एका संध्याकाळी तिच्या आठही गाई एकदम भिंतीकडे वळल्या. समोर भरलेला हौद, आणि यांच्या त्याकडे पाठी.

तिने काय नाही केलं? बाटलीने पाजलं. बादल्या घरातून काढून टाकल्या. रात्र रात्र गोठ्यात बसून ओरडली, "सुतारदादा, पुरे झालं! तुमच्या हातात काही नाही हो! ती बादली रिकामी आहे!" काका म्हणतात, तेव्हाही आतून उत्तर यायचं. हं.

आता त्या गोठ्यात एकही जनावर नाही. दुधाची गाडी तिथे थांबत नाही.

ही झाली मावशीने सांगितलेली गोष्ट. आता मी स्वतः पाहिलेलं सांगते, आणि थांबते.

मागच्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. ती खाटेवर बसली होती. इतकी वाळली होती की मी दारातच थबकले. ओठ फुटलेले, रक्ताचे कण वर वाळलेले. पण चेहरा अगदी शांत. माझ्याशी नीट बोलली, पोरांची चौकशी केली. हे सगळं तिने त्याच वेळी सांगितलं.

बोलता बोलता बाहेर अंधारून आलं. काका पाण्याचा ग्लास घेऊन आले.

"घे ना गं. माझ्यासाठी तरी एक घोट घे," ते म्हणाले. असं काकुळतीला येऊन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मावशीने ग्लास हळूच बाजूला सारला. जिभेने ओठ पुसले.

"अहो, असं काय करता?" ती म्हणाली. "आत्ताच तर दादांनी दिलं."

काका माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लावलंय. मी रोज संध्याकाळी फोन करते, आणि काका उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.