सोबत्याचं वजन

मालूमामीच्या शेतातून एक पेटी आणायची होती, एवढंच काम. नेपानगरहून मी भर दुपारी मामीच्या गावी, डोईफोडियाला पोचलो. मामा लोटू दोन वर्षांपूर्वी केळी पिकवायच्या खोलीत गॅस कोंडून गेले. जमिनीचे कागद तिथंच पेटीत राहिले. गावातला एकही मर्द आत जाईना.

"दिसत तं कोनालेच काई नाई, भाऊ," मामी हळूच म्हणाली. "पन आत हाये."

मला हसू आलं. न दिसणारं मोजणं हाच तर प्रयोगशाळेत माझा धंदा. ताऱ्यांच्या पोटात कार्बन-हेलियम जुळून ऑक्सिजन होतो, पण ते इतकं क्वचित घडतं की थेट मोजायला सात जन्म पुरणार नाहीत. म्हणून आम्ही हेलियमला लिथियमच्या आत लपवून कार्बनवर सोडतो. हेलियम तिथं अडकतो, लिथियममधला त्याचा सोबती, म्हणजे उरलेला तुकडा, बाहेर उडतो. सोबत्याला मोजलं की आतलं कळतं. हे मी मामीच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींना समजावलं. एकानं जांभई दिली. अडाण्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची!

"चल रे उखर्डू," मी मामीच्या गड्याला म्हटलं, "तुझं भूत दाखव."

खोली थंड ठेवायचं मशीन दोन वर्षं बंद, तरी आत गारठा होता. रिकाम्या क्रेट्समधून पिकल्या केळ्यांचा दाट, गोड वास येत होता. पेटी कोपऱ्यात होती. मी वाकलो, तशी मागून उखर्डूनं माझ्या खांद्यांवर दोन्ही हात टेकले. हात थंड होते.

"घाबरलास काय रे, भित्र्या?"

नुसता मानेजवळ श्वास... सावकाश...

पेटी घेऊन मी बाहेर आलो. उखर्डू बांधावर बसला होता, शेजारी मामी उभी होती.

"मी तं आत आलोच नाई, भाऊ..."

"खोटारडा!" मी ओरडलो.

त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतंच. "भाऊ... तुमचे पाय पाहा."

ओल्या मातीत माझी पावलं घोट्यापर्यंत रुतत होती.

दाराशी केळी तोलायचा काटा होता. या मूर्खांचं तोंड बंद करावं म्हणून पेटी खाली ठेवून मी त्यावर चढलो. माझं वजन सदुसष्ट किलो. काट्यानं दाखवलं एकशे अठ्ठावीस.

"काटा बिघडलाय."

उखर्डूनं मला उतरवून खताची पन्नास किलोची गोणी चढवली. बरोब्बर पन्नास.

मामीनं पदर तोंडाशी नेला. पेटीला तिनं हातही लावला नाही.

याला अडीच महिने झाले. प्रयोगशाळेत मी कुणाला बोललो नाही. ते कसे हसतील ते मला चांगलंच ठाऊक आहे, मीही तसाच हसलो असतो. पट्ट्याला तीनदा नवी भोकं पाडली. गाल बसलेत, बरगड्या मोजता येतात.

रोज सकाळी घरच्या काट्यावर उभा राहतो. आकडा अजून एकशे अठ्ठावीसच आहे.