मधल्या पाच वाड्यांचे हिरडे

"हळू हलव रं फांदी, सोम्या, हिरडा निजलाय पानात..."

साठ वर्षं झाली, तरी हिरड्याखाली उभं राहिलं की सोमाआजोबांच्या कानात ठकूआक्काचा हा सूर घुमायचाच. आक्का खाली पदर पसरून गायची, धाकटा सोमा वर फांद्या झुलवायचा. पुढे सोमा झाडांच्या रोगांचा शास्त्रज्ञ झाला आणि आक्का पाच वाड्यांपलीकडे सासरी गेली.

आज, २०५८ साली, ते तिच्या अंगणात बसले होते. समोर उजेडाचा नकाशा तरंगत होता. खारीसारखा झाडावर चढणारा यंत्रमानव खारू शेपटीने चौकोन दाखवत होता. माहेरच्या हिरड्यांची मुळं बुरशीने कुजत होती. आता आक्काच्या परसातलेही दोन हिरडे सुकले होते.

"रोग पुढे कुठे जाणार, हे खारूला कसं कळतं?" आक्काची नात शेवंती म्हणाली.

"एकेक चौकोन म्हणजे रानाचा तुकडा," आजोबा म्हणाले. "खारू प्रत्येकाला विचारतो, तुझा आजारी शेजारी किती लांब? त्याच्याकडचं पाणी तुझ्याकडे येतं का? वाऱ्यावर बीजाणू (बुरशीचं धुळीएवढं बी) येतील का? मग तो हे प्रारूप (खऱ्या रानाची हिशोबी नक्कल) हजार वेळा चालवून बघतो. जो चौकोन त्यात बहुतेक वेळा आजारी पडतो, तो लाल."

मधल्या पाचही वाड्या लाल होत्या. पाणी काही चढ चढून आक्काकडे येणार नाही, तेव्हा रोग वाऱ्याने आला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्याची वाट अडवायला सोमवारी त्या वाड्यांमधले धडधाकट हिरडे तोडायचे ठरले होते.

"तुझा वारा लई शहाणा दिसतो, सोम्या," सुपातले हिरडे निवडत आक्का म्हणाली. "पाच वाड्या सोडल्या अन् नेमका माझ्याच परसात उतरला."

शेवंती हसली, मग थबकली. "पण खरंच, आजोबा. मधलं एकही झाड आजारी नाही. वारा अशी उडी मारतो?"

"मला दोनच वाटा शिकवल्यात, पाणी आणि वारा," खारू म्हणाला. "तिसरी असेल तर सांगा. न सांगितलेलं मला कळत नाही."

आजोबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"वारा काढून टाक," ते शेवटी म्हणाले.

लाल रंग विरला. पाचही वाड्या हिरव्या झाल्या. माहेरचं रान सोडलं, तर आक्काच्या परसात तेवढा एक लाल ठिपका उरला.

"म्हणजे ती झाडं वाचतील?"

"वाचतील, पोरी. या परसाभोवती खोल चर खणला की भागेल. पण हा ठिपका इथे आला कसा, हे कुणीतरी सांगायला हवं. त्याशिवाय कुऱ्हाड थांबणार नाही."

आक्काने सूप खाली ठेवलं. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं.

"आक्का, दाजी गेले त्या साली तुला रोप आणून दिलं, ते रोपवाटिकेतलं नव्हतं. रानातली माती कुणी हलवायची नाही, हा नियम माझाच. पण तू माहेरासाठी रडत होतीस. मी ते आपल्या रानातून मातीसकट उपटून आणलं. रोग वाऱ्याने नाही आला गं, मी आणला."