सातवं कडवं

चूक क्रिस्पिनची होती, हे त्याने पुढे शंभरदा कबूल केलं. पण त्या रविवारी दुपारी त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? पावसात आडोसा म्हणून लंडनचा हा गवई इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सफोकमध्ये, खाडीकाठच्या एका पबात शिरला. आत गाणी चालली होती. मालकीण थर्लोबाई म्हणाल्या, तुम्हीही म्हणा काहीतरी, आणि हा शहाणा उभा राहून नावाड्याचं गाणं गायला लागला.

गळा गोड होता, वादच नाही. पण पहिल्या ओळीला हातातले ग्लास खाली आले आणि दुसरीला सगळ्यांच्या माना खिडकीपाशी बसलेल्या हेस्टर गॅरडकडे वळल्या. हेस्टरने कोट उचलला आणि ती भर पावसात चालती झाली.

मग थर्लोबाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली. इथे ज्याचं गाणं त्याचं. तो गेला की घरातलं कुणीतरी ते उचलतं, तोवर दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. गाणारा मध्येच ओळ विसरला, तरी घरच्याखेरीज कुणी ती पुरवायची नाही. नावाड्याचं गाणं एझ्रा गॅरडचं. तो जाऊन वर्ष झालं, लेकीच्या तोंडून अजून एक ओळ निघालेली नाही. तिने उचललं नाही तर ते गाणं एझ्राबरोबरच गेलं म्हणायचं.

क्रिस्पिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो हेस्टरच्या दारात उभा. ती शिडं शिवायची. लांबलचक शेडमध्ये कॅनव्हास पसरून गुडघ्यांवर बसलेली.

"माफी मागायला आलोय."

"मागा आणि निघा. दार उघडं राहिलं की वारा येतो."

"मग... दार लावून मागू का?"

हेस्टरला हसू आलं. ते लपवायला तिने खाली वाकून दातांनी दोरा तोडला. पण गाणं आणलं कुठून, हे विचारल्यावाचून तिला राहवेना. तो म्हणाला, रेडिओवाल्यांच्या एका जुन्या टेपवरून. पंचविशीतल्या एझ्रा गॅरडचाच आवाज आहे. सातही कडवी.

तिची सुई थांबली. "सहाच आहेत."

"सात आहेत."

सहाव्या कडव्यात नावाडी ओहोटीबरोबर निघून जातो आणि मुलगी काठावर उभी राहते. हेस्टरने जन्मभर गाणं तिथेच संपताना ऐकलं होतं. ती तडक थर्लोबाईंकडे गेली. बाई ग्लास पुसत राहिल्या, मग म्हणाल्या, "सातच गं. तू चार वर्षांची होतीस. तुझी आई गेली आणि त्याने सातवं म्हणणं सोडलं."

"आणि गावात एकानेही मला सांगितलं नाही?"

"आमचं होतं का ते?"

पुढच्या रविवारी क्रिस्पिन टेपची प्रत घेऊन आला. हेस्टर म्हणाली, टेप राहू दे, तूच म्हणून दाखव. त्याने मान हलवली. एकदा चूक केली तेवढी पुरे, म्हणाला. टेप फळीवर पडून राहिली. तो मात्र दर रविवारी लंडनहून येत राहिला... टेपची चौकशी करायला म्हणे!

तो चारशे वर्षांपूर्वीची गाणी गायचा, ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या तारांवर, एकट्याने म्हणायची. हेस्टर शिवत बसायची आणि तो कॅनव्हासच्या गुंडाळीवर टेकून हलक्या आवाजात गायचा. बाहेर गवतावर पाऊस, आत दोऱ्याला लावलेल्या मेणाचा वास. कधीतरी ती मान वर करायची, तर हा आधीच बघत असायचा.

"तुझी ही जुनी मंडळी फारच नाजूक हं," ती एकदा म्हणाली. "तिने नुसतं पाहिलं नाही, तर लगेच मरायला टेकतात."

"आणि तुमची?"

"आमची बोटीत बसून निघून जातात."

"सहाव्या कडव्यापर्यंतच," तो म्हणाला, आणि हेस्टरचे गाल तापले.

ऑक्टोबरात त्याने सांगितलं, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून बोलावणं आलंय. तिथल्या संगीतशाळेत दोन वर्षांचं काम. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हेस्टर म्हणाली, छान आहे की. मग उगाचच एक सरळ शिवण उसवून पुन्हा घालत बसली.

"टेप का ऐकत नाहीस?" त्याने विचारलं.

तिने सुई कॅनव्हासात टोचून ठेवली. "भीती वाटते," ती म्हणाली. "तो बाबा मला माहीत नाही रे. आनंदात असलेला."

तो गेल्यावर तिने टेप लावली. कोवळा, खट्याळ आवाज. सातव्या कडव्याआधी तो हसला होता, आणि मागे कुठेतरी एक बाई हसली होती. हेस्टर कॅनव्हासवर बसून पोटभर रडली. मग तिने टेप पुन्हा लावली.

पुढच्या रविवारी पबात थर्लोबाईंनी टेबलावर हातोडी आपटली, पुढचं कोण म्हणून विचारलं, आणि हेस्टर उभी राहिली. आवाज सुरुवातीला कापत होता, तिसऱ्या कडव्याला सापडला. ध्रुवपद सगळ्यांचं, ते आलं की सगळा पब तिच्याबरोबर म्हणे आणि कडवं आलं की चिडीचूप. सहावं झालं. म्हाताऱ्यांना वाटलं संपलं, एकाने ग्लासही उचलला. पण हेस्टरने श्वास घेतला.

"भरती आली, होडी आली, कोण उभं गं दारी..."

आणि ती थांबली. पुढची ओळ येईना. खोलीतल्या निम्म्या लोकांना ती येत होती, पण ओठ कुणी हलवले नाहीत. दाराजवळ क्रिस्पिन मुठी आवळून गप्प उभा होता. आता त्याला रीत कळत होती.

हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं. "क्रिस्पिन, उचल," ती म्हणाली.

सगळा पब गर्रकन त्याच्याकडे वळला. तो दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू, फक्त तिच्यापुरतं बोलला, "याचा अर्थ मला ठाऊक आहे, हेस्टर."

"ठाऊक आहे म्हणूनच म्हणतेय."

त्याने ओळ उचलली. "गेला होता तोच परतला, घे गं त्याला घरी." शेवटचे शब्द तिनेही त्याच्याबरोबर म्हटले.

 थर्लोबाईंनी पदर नव्हता म्हणून ॲप्रनने डोळे पुसले, हातोडी आपटली आणि फर्मान काढलं, "गॅरडांचं गाणं गॅरडांच्या घरात. पुढचं कोण?"

क्रिस्पिन हेस्टरशेजारी बाकावर बसला. टेबलाखाली तिची सुईने खरखरीत झालेली बोटं त्याच्या बोटांत अडकली. बाझेलला काय लिहायचं, असं त्याने विचारलं.

"लिही," ती म्हणाली, "घरच्यांनी नाही म्हटलं."