घरचं माणूस आलं की…

हे घडलेलं आहे. शालूबाईंनी मला ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि रचून सांगणारी ती बाई नव्हे. पटलं नाही तर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका.

मोताळ्याजवळचं एक खेडं. साल एकोणीसशे एकाहत्तर, चैत्र महिना.

आणि वेळ रात्रीची नव्हती… भर दुपारची होती.

शालू होळीनंतर लग्न होऊन त्या घरात आली. नवरा रंगराव. त्याला पहिली बायको होती, कौशल्याबाई. मूलबाळ नव्हतं. हंगामात ती गाडीवर उभी राहून कापूस तुडवत होती, बैल बिचकले आणि ती खाली आली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. खामगावच्या बाजूला तेव्हा एक ट्रस्टचा दवाखाना होता. तिथं तिला नेऊन टाकलं.

टाकलं… हाच शब्द.

"ते काही आता उठत नाही," रंगरावानं शालूच्या वडिलांना सांगितलं होतं. "खाटेवरच राहीन जन्मभर. घरात चूल पेटवाले बाई पायजे."

शालूला आई नव्हती. खोदून विचारणारं कोणी नव्हतं. अक्षता पडल्या.

त्या दुपारी गाव उन्हानं चिडीचूप झालं होतं. रंगराव शेतात. सासू मंजुळाबाई आतल्या खोलीत लवंडलेली. शालू चुलीपाशी गहू निवडत बसली होती.

ओसरीतून आवाज आला…

सर्र… सर्र…

कोणी जमिनीवरून पाय ओढत यावं, तसा.

मग भिंतीला हात टेकल्याचा. मग श्वास… दमलेल्या माणसाचा.

आणि धप्प!

शालू धावत गेली. ओसरीत कोणीच नव्हतं. पण नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर दारापासून भिंतीपर्यंत एक लांब ओरखडा उठला होता. त्याच्या बाजूला पावलं होती.

सगळी डाव्या पायाची.

"आत्याबाई, ओसरीत कोन आलं होतं?"

"मांजर असन," मंजुळाबाई म्हणाली. डोळे मिटलेलेच. पण पापण्या थरथरत होत्या.

दुसऱ्या दुपारी तेच झालं. तिसऱ्या दुपारीही. हळूहळू शालूच्या ध्यानात आलं. तिथं कोणीतरी उठून उभं राहायला बघत होतं. भिंत धरून निम्म्यापर्यंत यायचं… थांबायचं… आणि कोसळायचं.

एकदा रंगराव दुपारी घरीच जेवत होता. आवाज आला. त्याचा घास तोंडाशी थांबला.

शालू त्याच्याकडे बघत राहिली.

धप्प!

"वाढ," तो म्हणाला, आणि मान खाली घालून जेवू लागला.

त्याला ऐकू येत होतं. पहिल्यापासून येत होतं!

"तुमी दवाखान्यात कधी जाता? त्याइले पाहाले?" शालूनं धीर करून विचारलं.

"जाऊ ना. कामं काय कमी हायत?"

पण तो कधी गेला नाही. घरातून कधी डबा गेला नाही, की धुतलेलं लुगडं गेलं नाही.

मग अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. पितरांच्या नावानं मंजुळाबाईनं पाटावर घागरी मांडल्या. सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची… आणि बाजूला एक लहान मडकं. कोरं.

"हे कोनाचं व आत्याबाई?"

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला.

"घरच्या बाईचं," एवढंच बोलली, आणि उठून गेली.



अखाजीचं माहेरपण म्हणून ती दुसऱ्या दिवशी निघाली. माहेरच्या फाट्यावर उतरलीच नाही. तशीच एस.टी.त बसून खामगावला गेली आणि विचारत विचारत दवाखान्यात पोचली.

वॉर्डात हाडं मोडलेली माणसं ओळीनं पडली होती. कोणाच्या पायाला प्लास्टर, कोणाच्या पायाला दोरीनं वजन बांधलेलं. गीताबाई नावाच्या नर्सनं नाव ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"ऑपरेशन चांगलं झालं होतं हो," ती म्हणाली. "नागपूरच्या डॉक्टरांनी केलं होतं. मोडलेला गोळा काढून पोलादी बसवला. जखमही वाळली. आता फक्त उभं करायचं होतं, चालायला शिकवायचं होतं. मी म्हणायची, उठा, मी धरते. तर मान हलवायची. घरचं माणूस आलं की उभी राहीन, म्हणायची."

"मंग?"

"निरोपावर निरोप धाडले. कोणीच आलं नाही. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, ताप चढला… संक्रांतीच्या आधीच गेली. तेव्हाही कळवलं. शेवटी दवाखान्यातल्याच लोकांनी अग्नी दिला."

संक्रांतीच्या आधी! आणि शालूचं लग्न होळीनंतरचं.

"तुम्ही कोण तिच्या?" गीताबाईनं विचारलं.



"घरचीच," शालू म्हणाली.

माहेरी न थांबता ती परत आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता सासूपुढं उभी राहिली.

"मले काऊन सांगतलं जित्ती हाय म्हनून?"

मंजुळाबाईनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मेली म्हनलं असतं तं लोकाइनं इचारलं असतं… कशी मेली, खांदा कोनं देला? मंग अशा घरी पोरगी कोन देते व?"

आत रंगराव झोपला होता. उन्हं तापली होती.

सर्र… सर्र…

मंजुळाबाईनं कानावर हात ठेवले. शालू मात्र ओसरीत गेली.  भिंतीपाशी काहीच दिसत नव्हतं. नुसता श्वास… आणि स्पिरीटचा वास.

"उठा बाई," शालू म्हणाली. "मी हाव इथं."

श्वास थांबला.

आणि तिच्या उजव्या खांद्यावर भार आला…

अख्ख्या माणसाचा भार. तिचे गुडघे वाकले, पण तिनं दात आवळून खांदा दिला. भार वर वर सरकला. सरळ झाला. या खेपेला धप्प झालं नाही.

एक पाऊल पडलं. मग दुसरं… जड, पण सबंध. दोन्ही पायांची पावलं.

ती आतल्या खोलीकडे चालली. रंगरावाकडे.

उंबऱ्यापाशी भार सुटला. पावलं आत गेली. शालू भिंतीला टेकून, कान देऊन उभी राहिली. आता काहीतरी होईल. किंकाळी येईल… काहीतरी…

काहीच आलं नाही.

दिवेलागणीला रंगराव बाहेर आला. तोंड धुतलं. चहा मागितला.

पुढं तो पिकल्या वयापर्यंत जगला. कधी दुखलं-खुपलं नाही. ओसरीतले आवाज त्या दिवसापासून बंद झाले. गेला तोही झोपेतच. सगळं गाव मातीला आलं, चांगला माणूस होता म्हणालं.

"मी वाट पाहात राह्यलो, बाप्पा," शालूबाई मला म्हणाल्या. "वाटे, आज ते बाई त्याले धरीन, उद्या धरीन. त्याले बोटबी नाही लावलं तिनं. भार देला तो मलेच. आताबी येते… वावरात, हिरीवर, कुठंबी. काऊन मलेच? मी तं तिचं तोंडबी पाह्यलं नव्हतं!"



त्या आणखी काही बोलणार होत्या. तोच त्यांचा उजवा खांदा हळूच खाली गेला… आणि पडू नये म्हणून त्यांनी डावा हात भिंतीला घट्ट टेकवला.